हे काय ऊन आहे जी!

असं म्हणणारा एक भाऊजी नागपुरात घरटी असतो. ज्याच्या घरी नसेल त्याला शेजारचा पुरतो. मे महिन्यातला रविवार, पहाटेची वेळ, रात्रभर घरघरलेल्या कूलरने आता कुठे जरा गार हवा फेकायला घेतलेली, आणि फाटकावर हॉर्न. "चला, फिरून येऊ." जावयाला नाही म्हणायची सोय आमच्याकडे नाही, आणि हे आमच्या भाऊजींना पक्कं ठाऊक आहे.

"भाऊजी, आज ४५ सांगितलं आहे."

"ते सावलीतलं सांगतात. आपण कुठं सावलीत राहून राहिलो?"

यावर उत्तर नसतं. शिवाय पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "हे काय ऊन आहे जी! ऊन होतं २०१३ मध्ये. २३ मे. ४७.९!" त्यातलं 'पॉइंट नऊ' ते असं उच्चारतात, की तेवढ्या धावा त्यांनी स्वतःच काढल्या असाव्यात. त्या दिवशी भरदुपारी ते सीताबर्डीच्या बाजारात चपला घ्यायला गेले होते. उघड्या डोक्यानं. चपलांची किंमत दरवर्षी बदलते, आकडा नाही.

सुरुवात तर्री पोह्यांनी. चण्याची लालभडक तर्री पोह्यांवर दोनदा ओतून घ्यायची, कानशिलावरून घाम ओघळायला लागला की समाधानानं मान हलवायची. "घाम आला की थंड वाटते." नऊला महाराजबाग. उन्हाळ्यात तिथल्या प्राण्यांना कूलर लावतात. एकदा वाघ कूलरपुढे चारही पाय पसरून पडला होता. भाऊजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "इथला नाही दिसत हा."

मग झिरो माइल. घोड्यांचे पुतळे चार, आणि आसपास माणसं आम्हीच. इथं फोटो होतो. मी नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असतो, खिशात आईच्या आग्रहाचा कांदा. "दुपट्टा काढा जी. हसा." एकदा सोबत पुण्याचे पाहुणे होते. त्यांनी त्या उन्हात संत्री मागितली. भाऊजींचा चेहरा पडला. आंबिया बहार नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, मृगाचा होळीच्या आसपास आटोपतो, मेमध्ये संत्री आणायची कुठून? संत्रा बर्फीवर भागवलं. पाहुणे म्हणाले, इथं फार गरम होतं हो. भाऊजी म्हणाले, "२०१३ मध्ये यायचं होतं तुम्ही."

बारा वाजले की मात्र भाऊजींना अचानक शहर उंचावरून दाखवायची हुक्की येते. म्हणजे मेट्रो. सीताबर्डी ते खापरी, खापरीला उतरून पुन्हा तिकीट, परत सीताबर्डी, कधी तसंच पुढे ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत. डब्यात शिरल्यावर त्यांची नजर आधी छताकडे जाते. एसीची फट हेरून बरोबर तिच्याखाली बसतात, शर्टाचं वरचं बटण सोडतात, मग दुसरं, कॉलर दोन बोटांनी मागे ओढून मानेवर वारा घेतात आणि डोळे मिटतात. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि त्याच्यावर आपली गाडी. "३.१४ किलोमीटर," भाऊजी डोळे मिटूनच सांगतात, "२०२२ मध्ये जगात विक्रम झाला याचा. पाहा, पाहा." दशांश चिन्हावर माणसाचा जीव! गरम होऊन राहिलं का, असं विचारलं तर म्हणतात, "मले काहून होईल? तुमच्यासाठी बसलो."

संध्याकाळी फुटाळा. तलावावरून येणारा वाराही भट्टीतला, पण तोपर्यंत तक्रार करायची ताकद उरलेली नसते.

मग ३० मे २०२४ उजाडला. उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, म्हणजे नवतपा, ऐन भरात. रामदासपेठेतल्या हवामानाच्या स्वयंचलित यंत्रानं ५६ दाखवले. देशभर बातमी. भाऊजींच्या ४७.९ ला एका दुपारीत आठ अंशांनी धूळ चारलेली! आता काय काय ऐकावं लागणार म्हणून मी धास्तावूनच ताईकडे गेलो. भाऊजी अंगणात फोनवर होते, आवाज चढलेला. "यंत्र खराब आहे, मी सांगून राहिलो ना! ४४ आहे, फक्त ४४. पोट्ट्यांना काही होत नाही इथं."

पलीकडे पुण्याला, हिंजवडीत राहणारा त्यांचा मुलगा होता. शाळा सुरू व्हायच्या आधी तो बायको-मुलांना घेऊन आठवडाभर यायचा होता.

ताईनं स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, हे रोजचंच आहे. पेपरात ४६ असले की फोनवर ४३ जातात. आणि रविवारचे फोटो? तेही पुण्यालाच. झिरो माइलवर मी विनादुपट्टा दात काढून उभा, खाली ओळ : पाहा, मामा मजेत फिरून राहिला. म्हणजे इतके उन्हाळे मी पुरावा म्हणून भाजून निघत होतो.

यंत्र बिघडलं होतं, हे हवामान खात्यानंही पुढे सांगितलं. दुसरीकडे ४४ च्या आसपासच होतं. आयुष्यात एकदा भाऊजींचा फोनवरचा आकडा बरोबर निघाला. पण तिकीट त्याच रात्री रद्द झालं होतं. ऑक्टोबरात बघू, असं मुलगा म्हणाला. ऑक्टोबरात शाळा असते, हे भाऊजींना ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी हॉर्न वाजला नाही. साडेसहापर्यंत वाट पाहून मीच फोन केला.

"येता का, भाऊजी?"

"ऊन आहे जी आज," पलीकडून आवाज आला.

मी गाडी काढली आणि त्यांना घरून उचललं. झिरो माइलवर कुणी न सांगता दुपट्टा सोडला. भाऊजींनी मोबाइल डोळ्यांसमोर धरला, मग खाली घेतला.

"असं तोंड वाकडं नका करू. डिसेंबर वाटला पाहिजे."