राजमान्य राजेश्री छायाचित्रकार महाशय यांसी

मुक्काम दिघी येथून एका सेवानिवृत्त आजोबाचे कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

दिवाळीनिमित्त आमचे सहकुटुंब छायाचित्रण करण्याचे आपण कृपावंत होऊन कबूल केलेत आणि तत्संबंधीची जी नियमावली सूनबाईंच्या व्हॉट्सॲपवर रवाना केलीत, तिची तामिली या घरात अक्षरशः चालू असून, भोसरीच्या कारखान्यात परिपत्रके वाचण्यात उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्या इसमासही इतका सर्वंकष मसुदा पूर्वी पाहावयास मिळाला नव्हता, हे प्रारंभीच नमूद करतो. पुरुषांनी फिकट पिस्ता व स्त्रियांनी मोतिया रंग परिधान करावा. मुलांची झोप पूर्ण झालेली असावी. पोटे भरलेली, परंतु तोंडे चिकट नसावीत. आणि एवढा बंदोबस्त झाल्यावर सर्वांनी नैसर्गिक दिसावे, असे आपले फर्मान आहे. घरातील सात माणसांपैकी नैसर्गिक अशी दोनच आहेत, एक साडेचार वर्षांचा नातू व दुसरी दीड वर्षाची नात, आणि नियमावलीतील बहुतेक कलमे नेमकी त्या दोघांच्याच विरोधात आहेत, ही बाब आपल्या नजरेतून निसटली असावी.

झोपेचेच पाहा. आपण नरकचतुर्दशीची संध्याकाळ मुक्रर केलीत. त्या दिवशी या घरातील मुलांना पहाटेच्या अंधारात उठवून, तेल चोळून, उटणे लावून न्हाऊ घालतात. त्यानंतर नातू डाव्या टाचेखाली कारीट फोडतो, फटाक्यांसाठी खाली पळतो आणि दुपारी झोपण्याचा विषय काढणाऱ्यास शत्रू समजतो. अशा मुलाने मावळतीच्या सोनेरी उजेडात, मान किंचित कलती ठेवून, आजीकडे प्रेमाने पाहावे, ही अपेक्षा शास्त्रशुद्ध असेलही. पण त्या घटकेला तो आजीला चावतो.

दुसरा मुद्दा तिटेचा. नातीच्या गालावर काजळाची तीट नसावी, असल्यास आपण ती मागाहून संगणकावर पुसून टाकाल, असे कळविलेत. त्यावर आमच्या सौभाग्यवतींची लेखी हरकत अशी की, पुसलेली तीट दृष्टीपासून संरक्षण देते किंवा कसे, आणि देत नसल्यास चित्र पाहणाऱ्या शेकडो आप्तेष्टांच्या नजरेची जबाबदारी कोणावर, याचा खुलासा व्हावा. खुलासा येईपर्यंत तीट कायम राहील.

स्थळाविषयीही थोडे लिहिणे प्राप्त आहे. दत्तगडाची टेकडी आपण पसंत केलीत, ती उत्तमच. परंतु दिघी हे लष्करी आस्थापनांच्या भिंतींना खेटून वसलेले गाव आहे, आणि छायाचित्रणास सक्त मनाई असल्याच्या पाट्या वाचतच येथील मुले अक्षरओळख करून घेतात. सरकारने यंत्रसामग्रीला जे संरक्षण दिले, ते मुलांना द्यावयाचे राहून गेले, असा विचार हल्ली माझ्या मनात वारंवार येतो.

आपल्या व्यवसायाचा इतिहास मी जाणत नाही, असे मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकात ओल्या काचेवर चित्र उमटावयास कित्येक सेकंद लागत, तेव्हा विलायतेतील छायाचित्रकार आईला कापडाखाली झाकून तिच्या मांडीवर मूल बसवीत, म्हणजे मूल हलत नसे आणि आई दिसत नसे. आज एका सेकंदाच्या सहस्रांशात काम होते. तरीही सूनबाई आपल्या पाठीमागे उभी राहून खुळखुळा वाजविणार असल्यामुळे आई चित्रात नसण्याचा प्राचीन परिपाठ अबाधित राहील. दादासाहेब फाळक्यांनी 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आपल्या कन्येला, मंदाकिनीला, कृष्ण केले आणि आरंभीच त्या चिमुरडीच्या चेहऱ्यावरचे नाना भाव प्रेक्षकांना दाखविले, रुसवा, राग, सारे काही. त्याच गृहस्थांनी तत्पूर्वी कुंडीत एक वाटाणा पेरून महिन्याहून अधिक काळ त्याच्या अंकुराचे चित्रण केले होते. वाटाण्याला महिना मिळाला. आमच्या दोघांना आपण पाऊण तास दिलात, आणि भाव एकच मंजूर केलात.

आता मुख्य अडचण. इमारतीच्या वाहनतळात, पाण्याच्या टाकीशेजारी, नातवाने किल्ला बांधला आहे. विटांच्या तुकड्यांवर गोणपाट, त्यावर शेजारच्या बांधकामावरून मुकादमाच्या परवानगीने आणलेली माती, उतारावर हळीव पेरलेला. तो आता बोटभर उगवून आला आहे. सिंहासनाधिष्ठित महाराज मावळ्यांच्या निम्म्या उंचीचे आहेत, कारण मावळे निराळ्या दुकानातून आले. आणि गुहेतल्या वाघाचे शेपूट नातीने खाल्ले. नातवाच्या नखांतील माती उटण्यानेही निघालेली नाही, आणि किल्ला सोडून टेकडीवर येण्यास त्याने साफ नकार दिला आहे. पिस्ता कुडता त्याने अंगात घातला. ‘चावतोय’ एवढा एकच शब्द उच्चारून तो काढला, आणि तो सध्या बुरुजाच्या ओल्या मातीवर पांघरलेला आहे. सूनबाईंनी मोबाइल, चॉकलेट व वडिलांचा धाक ही तिन्ही साधने आजमावली. त्याचे म्हणणे एकच: फोटो काढायचा तर किल्ल्याचा काढा, मी बाजूला बसेन.

सबब अर्ज असा की, दत्तगडाचा बेत तहकूब करून आपण वाहनतळातच यावे. उजेड तेथे जेमतेम आहे. शिवाय बुरुज गुडघाभरच उंच असल्याने आपणास जमिनीवर पालथे पडावे लागेल. तेव्हा येताना जुनी विजार घालून यावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
किल्ल्याचा पाणक्या (हळिवावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडण्याचे काम मजकडे आहे)