पायाला स्पर्श करण्याविषयी स्मरणपत्र

राजमान्य राजश्री व्यवस्थापन-सल्लागार महोदयांचे सेवेसी,

गडचिरोली जिल्ह्यातील एका ग्रामसभेचे दप्तर सांभाळणाऱ्याचा कृतानेक नमस्कार, वि. वि. गेल्या चैत्रात, मोह वेचण्याच्या ऐन धांदलीत, आपण आमच्या समाजमंदिरात येऊन तेंदूपत्ता व बांबू यांच्या विक्रीसंबंधी जे प्रदीर्घ व्याख्यान दिले, त्याची चर्चा गावात अद्याप चालू आहे; कारण आपल्या इंग्रजी वाक्प्रचारांचे शब्दशः भाषांतर करणारा आमचा बारावी पास दुभाषी अत्यंत प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक दुभाष्याइतका अनर्थ लबाडालाही साधत नाही.

आरंभीच आपली आज्ञा झाली की, खाली लोंबणारी फळे आधी तोडावीत. अल्प श्रमात पदरी पडणारे काम प्रथम उरकावे, हा त्यातील आशय मला मागाहून कोशात सापडला. परंतु त्या क्षणी आमच्या आयाबाया बुचकळ्यात पडल्या, कारण मोह कोणी तोडीत नाही, तो पहाटे आपणहून गळतो व झाडून ठेवलेल्या जमिनीवरून वेचायचा असतो. आंबा हाताशी आला तरी मरका पंडुम हा सण झाल्यावाचून तोंडी लावू नये, हा पूर्वापार दंडक. आणि चारोळी कोवळेपणीच ओरबाडणाऱ्यास या मुलखात उतावळा म्हणतात, कार्यक्षम नव्हे.

तेथून आपण खोलीतल्या हत्तीकडे वळलात. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा कळप जिल्ह्यात उतरला, तेव्हापासून हा प्राणी आमच्याकडे केवळ अलंकार राहिलेला नाही. धानाच्या वासाने तो भिंत पाडतो. सबब, "कोणाच्या खोलीत?" असे विचारीत मागच्या चार बाया घराकडे धावल्या. सर्वांस दिसणारी परंतु कोणीही न उच्चारणारी अडचण, असा त्याचा अर्थ म्हणे! (घरात हत्ती शिरला असता मौन पाळणारी माणसे एकदा पाहावयास हवीत.) वास्तविक असा एक हत्ती त्या सभेत होताच: सत्तर तेंदूपानांचा एक, अशा शेकडा पुड्यांना भाव काय आणि पैसे कोणत्या तारखेस, याविषयी आपण दीड तासात अवाक्षर काढले नाही.

शब्दांचे मोल आम्हांस कळत नाही, असे मात्र समजू नये. १९२७ च्या वनकायद्याने बांबूस वृक्षांत गणले, आणि त्या एका शब्दापायी परवान्यावाचून त्यास हात लावणारा गुन्हेगार ठरत असे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यास गौण वनोपज म्हटले खरे, तथापि धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवान्याचे पुस्तक पडावयास २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. आपण तर "आकडीने नाहीतर कोयत्याने" नफा काढूच, अशी प्रतिज्ञा केलीत, म्हणजे वाट्टेल त्या मार्गाने. या वचनाचे मूळ काही पंडित इंग्लंडातील जुन्या राजवनांत दाखवितात: आकडीने ओढून वा कोयत्याने छाटून हाती येईल तेवढेच जळाऊ लाकूड रयतेने न्यावे. हा तर साक्षात आमचा निस्तार हक्क! गरिबाने किती घ्यावे हे सांगणारे शब्द आपल्या कचेरीत पोचेपर्यंत श्रीमंताने कसेही घ्यावे असे सांगू लागले, हा प्रवास मला आपल्या सर्व आलेखांहून उद्बोधक वाटला.

आता मूळ मजकूर. निरोप घेताना, पुढल्या आठवड्यात पुन्हा बोलू, एवढेच सांगण्याकरिता आपण कसल्याशा खेळातला जो शब्द योजलात, त्याचे दुभाष्याने "साहेब पायाला स्पर्श करतील" असे केले. इमारतीचा पाया की माणसाचा पाय, हा खुलासा सभेत झाला नाही. दोघा वृद्धांनी संकोचाने पाय आखडले. आमचे भूमिया, म्हणजे गावाचे पारंपरिक प्रमुख, मात्र म्हणाले, पाहुण्याच्या मनात आलेच आहे तर नको म्हणू नये. तेंदूचा हंगाम उलटला, रोवणी आटोपली. ते दर सोमवारी पाय धुऊन ओट्यावर बसतात.

तरी येण्याची तारीख कळवावी.