अण्णांचा टेस्टर

पाहुणा घरात आला की आधी चप्पल काढतो, तांब्यातलं पाणी पितो, पावसाचं विचारतो. अण्णा आधी चौकट वाजवतात. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी वायरमनकडं असतो तसला टेस्टर. त्याच्या पिवळ्या मुठीनं उंबऱ्यापासून वरपर्यंत टक-टक करत जायचं, मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. मध्येच आवाज पोकळ आला की तासगावच्या सौद्यात बेदाण्याला मनासारखा भाव मिळालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा खुलतो. मग घरमालकाकडं वळून एकच शब्द : "लागलीय."

कवठे महांकाळात अण्णांसारखे अण्णा एकटेच आहेत असं नाही. कुणाला दुसऱ्याच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागेल ते सांगायची हौस, कुणाला रस्त्यावरनं जाताजाता दुसऱ्याच्या द्राक्षबागेतली दावणीची बुरशी ओळखायची. लोकांच्या घरातलं दुखणं त्यांच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे, अशी ही जात. अण्णांच्या वाट्याला वाळवी आली ती नोकरीतून. एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी उमेदीची वर्षं काढली. एकदा फळीवरचा कागदांचा रुमाल उचलला तर फडकं हातात आलं आणि आत निव्वळ माती. बांधावरून पिढीजात भांडणाऱ्या एका भावकीचे कागद होते म्हणे. पुरावाच संपल्यावर दोन्ही घरं दमून गप्प बसली. "कोर्टाला जमलं न्हाई ते हिनं केलं," हे अण्णा आजही आदरानं सांगतात. मला ती भावकी गप्प बसल्याची शंका आहे, पण कागद गेल्याची नाही.

पुतण्यासाठी पोरगी बघायला अण्णांना नेलं, ती गोष्ट गावात अजून सांगतात. ढालगावच्या बाजूचं जुनं माळवदाचं घर. पोह्यांच्या बशा आल्या, पोरगी आली, नाव-गाव-शिक्षण झालं. अण्णांचं लक्ष वर. भिंतीच्या कोपऱ्यातून पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ निघालेली, वाकडीतिकडी चढत थेट तुळईला भिडलेली. घरच्यांना वाटलं होतं पावसाचा ओघळ. अण्णा खुर्चीवर चढले. टेस्टरच्या टोकानं दोन बोटं रुंदीची माती खरवडली. आत पांढुरके, आंधळे किडे वर-खाली पळत होते आणि तांबूस डोक्याचे दोन-तीन शिपाई भोकाशी येऊन जबडे उघडून उभे राहिले.

"बाकीच्या नळीला हात लावायचा न्हाई, पाहुणं," अण्णा वरूनच म्हणाले. "उद्या सकाळी बगा. भोक बुजवलेलं असलं तर आत जित्ती हाय. तसंच राहिलं तर सोडून गेलेली."

पोरीच्या वडलांनी जरा वेळानं, घसा साफ करून विचारलं, "अण्णा, मुलगी कशी वाटली?"

"मुलगी झ्याक हाय. तुळईचं काय करताय ते बोला."

दुसऱ्या दिवशी पोरीकडून फोन आला. सगळे होकार-नकाराची वाट बघत कानात प्राण आणून बसलेले. व्याही पहिलं वाक्य बोलले, "बुजवलंया." सोयरीक जमली.

अण्णा वाळवीबद्दल बोलायला लागले की त्यांच्या आवाजात शत्रुत्व नसतं. लोक तिला पांढरी मुंगी म्हणतात, याचा त्यांना मनस्वी राग. मुंगीशी हिची कसली सोयरीक नाही. हिची भावकी झुरळाची, आणि हे शास्त्रज्ञांनीही मान्य केलंय, असं ते बजावतात. वारुळात खोल राणी बसलेली, दिवसाला हजारोंनी अंडी घालणारी, आणि राजा जन्मभर तिच्या शेजारी. पण अण्णांना खरं कौतुक हिच्या शेतीचं. आपल्याकडची वारूळवाली वाळवी खाल्लेल्या लाकूड-पाल्यावर जमिनीखाली बुरशी पिकवते आणि ती खाते. द्राक्षबागायतदार समोर असला की अण्णांना हे सांगितल्याशिवाय राहवत नाही : "तू भुरी अन् दावणी घालवायला फवारून फवारून कर्जात गेलास. ही बुरशीच पिकवती. फवारणी न्हाई, मजूर न्हाई, दलाल न्हाई."

नागपंचमीला तर विचारू नका. ज्या जिल्ह्यात बत्तीस शिराळा आहे त्या जिल्ह्यात वारुळाला कोण काय बोलणार? बायका लाह्या-दूध घेऊन वारुळाकडं निघाल्या की अण्णा वाटेत उभे. "पोरींनो, नाग भाडेकरू. घर वाळवीनं बांधलंय. भाडेकरूला दूध अन् मालकाला औषध, हा कुठला न्याय?" एका म्हाताऱ्या आत्यानं त्यांना तिथंच ऐकवलं, "मालकाचा फना दाव, त्याला बी वाहते."

त्यांचा हिरमोड होतो तो फक्त एका प्रसंगी. कुणी घाबऱ्याघुबऱ्या बोलावतं, सागवानी पलंगाखाली रोज पीठ सांडतंय म्हणतं. अण्णा टेस्टर काढत जातात, वाकतात, चिमटीत पीठ घेतात आणि उठतात. "ही वाळवी न्हवं. भुंगेऱ्याचं काम. लाकडाला टाचणीएवढी भोकं बगा. वाळवी पीठ सांडत न्हाई, माती आनती." आणि चहा न घेता निघतात. तसंच पहिल्या पावसानंतरचं. संध्याकाळी ट्यूबभोवती पाखरं जमली की गल्लीतली पोरं एकेक पाखरू कागदावर घेऊन त्यांच्याकडं पळतात. कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मोठे, मागचे छोटे, तर मुंगी. पोरगं परत पाठवायचं. अंग सरसकट, मिशा सरळ, चारी पंख सारख्या लांबीचे, तर पोराला गोळी. सकाळी खिडकीखाली गळलेल्या पंखांचा खच सापडला तर अण्णा स्वतः त्या घरी जातात.

उपायाच्या बाबतीत मात्र माणूस कर्दनकाळ. रॉकेल ओतणारे, जळकं ऑइल फासणारे, मीठ टाकणारे यांची ते गय करत नाहीत. राणी जमिनीत खोल, तुम्ही चौकटीला रॉकेल पाजून कुणाला मारताय? जुन्या लोकांना गॅमेक्झिनची पावडर आठवते. ती बीएचसी 1997 पासून देशात बंद आहे, हे सांगताना अण्णांचा सूर सासुरवाडीचं माणूस गेल्यासारखा होतो, म्हणजे दुःख आहे पण पटतंय. त्यांच्याकडं भारतीय मानक 6313 ची झेरॉक्स आहे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. राहत्या घरात भिंत आणि फरशी मिळते त्या सांध्यात 12 मिलिमीटरची भोकं, फुटाफुटाच्या अंतरावर. प्रत्येक भोकात लिटरभर औषध मुरवायचं आणि सिमेंटनं बुजवायचं. नवी फरशी बसवलेल्या माणसाचा चेहरा हे ऐकून पडतो. अण्णांना त्याचं काही नाही.

भांडण पेटतं ते प्रमाणावरून. 20 टक्क्यांचं क्लोरपायरीफॉस, एक भाग औषधाला एकोणीस भाग पाणी. पण आपला बागायतदार. टोपण मोजून औषध घेतलं की त्याचा हात आखडल्यासारखा होतो. "अण्णा, जरा जास्त टाकू या की, झटकन मरंल."

"एकास एकोणीस!" अण्णा ओरडतात. "युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा रेसिड्यू तपासून घेतोस, अन् जितं तुझं पोरगं रांगतंय तितं अंदाजपंचे ओततोस? हातमोजं घाल. अन् ती बादली कसली? धारेची हाय का?" मग ते दोनशे पानी वही काढून तारीख, घर आणि प्रमाण लिहितात.

म्हैसाळच्या योजनेचं कृष्णेचं पाणी तालुक्यात आल्यापासून वाळवीनं बाळसं धरलंय, हा अण्णांचा सिद्धान्त. ओल हवी असते तिला, हे खरं; बाकीचं त्यांनाच माहीत. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र तिला दातांत धरायला काडी नाही. पोरानं घर बांधलं तेव्हा अण्णांनी पायाच्या कामावर ठाण मांडून दर चौरस मीटरला 5 लिटर औषध मोजून घेतलं. ग्रॅनाइटच्या चौकटी, अ‍ॅल्युमिनिअमच्या खिडक्या, लोखंडी कपाटं. घर झालं आणि अण्णा घरातल्या घरात बेकार झाले. मग त्यांनी परड्याच्या लांबच्या कोपऱ्यात आंब्याचा एक ओंडका पुरला. निरीक्षणासाठी, म्हणाले. रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथं जायचं, तांब्याभर पाणी शिंपायचं. वाळवी आली. ती आल्याचे पेढे वाटले नाहीत एवढंच. आलेल्या-गेलेल्याला आधी ओंडका, मग घर. अण्णांची बायको, म्हणजे काकू, म्हणायच्या, "माझ्या गुडघ्याला काय झालंय ते इचारलं न्हाई कधी. तिला रोज बगाय जात्यात."

एके सकाळी अण्णांनी ओंडक्यावरची नळी खरवडली. दुसऱ्या दिवशी भोक तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. ते ओंडका हुंगून आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"औषध कुणी घातलं?"

"मी."

"कुणाला इचारून? प्रमान काय धरलंस?"

"एकास एकोनीस," काकू तांदूळ निवडत म्हणाल्या. "हातमोजं घातलं हुतं. बादली धारेची न्हवती."

अण्णा बराच वेळ चूक शोधत राहिले.

"वहीत तारीख?"

"लिवलीया."