घरच्या घरी संगणक उघडणाऱ्यांसाठी आयुधे

संगणक बंद पडला की शास्त्राप्रमाणे आधी त्याच्या कॅबिनेटला एक चापट मारावी. ती लागू पडली नाही की घरातले कर्ते पुरुष स्वयंपाकघरातली सुरी आणतात. सुरीचे टोक स्क्रूच्या फुलीत घालून जोर लावला की स्क्रू जागच्या जागी राहतो आणि फुली गोल होते. हा विधी आटोपल्यावरच खऱ्या अवजारांची खरेदी करावी.

पहिले अवजार म्हणजे स्टार स्क्रू ड्रायव्हर, तोही मापाचा. डेस्कटॉपच्या कॅबिनेटला पीएच-२ चालतो. लॅपटॉपला पीएच-० किंवा पीएच-०० लागतो. टोक चुंबकीय असावे, नाहीतर मदरबोर्डाखाली घरंगळलेला स्क्रू काढायला सगळा बोर्ड उचलावा लागतो. चुंबकाने हार्ड डिस्क पुसली जाईल, असे सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. स्क्रू ड्रायव्हरच्या एवढ्याशा चुंबकाने काहीही होत नाही. काकांना चहा द्यावा आणि काम चालू ठेवावे.

स्क्रूंचा मात्र धाक बाळगावा. साडेतीन इंची हार्ड डिस्कला जाड आट्यांचा ६-३२ स्क्रू लागतो, अडीच इंची एसएसडीला बारीक आट्यांचा एम-३. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. चुकीचा दामटला की आटे गेलेच. लॅपटॉपच्या तळाला तर एकाच रांगेत वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू असतात. म्हणून कोऱ्या कागदावर तळाची आकृती काढावी आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी सेलोटेपने चिकटवावा. हा कागद पंख्याखाली ठेवू नये.

ॲपलचे यंत्र असेल तर आणखी एक टोक विकत घ्यावे लागते. पाच पाकळ्यांचा पेंटालोब स्क्रू या कंपनीने २००९ साली मॅकबुक प्रोच्या बॅटरीला लावला आणि २०१० मध्ये आयफोन ४ च्या बाहेरच आणून बसवला. मालकाला स्वतःच्या वस्तूपासून लांब ठेवण्याची ही पद्धत इतकी सभ्य आहे, की तिला कुलूप म्हणणे बरे दिसत नाही.

झाकणाचे खटके सोडवायला जुने एटीएम कार्ड घ्यावे. लोखंडी पात्याने खटका तुटतो, कार्डाने फक्त कार्ड तुटते. रॅमचे संपर्क काळवंडले असतील तर शाळेच्या दप्तरातला खोडरबर हलक्या हाताने फिरवावा. आपल्याकडचे कारागीर हेच करतात. त्यात सोन्याचा मुलामा झिजतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस अधिक बरे. पण ते रात्री साडेदहाला मिळत नाही, खोडरबर मिळतो.

स्थिर विजेसाठी मनगटाचा पट्टा घ्यावा. माणसाला तिचा चटका सुमारे तीन हजार व्होल्टच्या पुढेच कळतो. नाजूक चिप त्याच्या कितीतरी आधी मरते, तीही बिनबोभाट. कोकणातल्या पावसाळी दमटपणात हा धोका कमी असतो, विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात जास्त. चांगल्या पट्ट्यात एक मेगाओहमचा रोधक असतो, म्हणजे चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह जातो. पुण्याईवर विसंबण्यापेक्षा हे स्वस्त.

राहिला एसएमपीएसचा डबा. पिन काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ टिकून राहू शकतात. मल्टिमीटर बाहेरच्या तारांवर लावून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट येतात का, तेवढे पाहावे. येत नसतील तर डबा न उघडता सरळ नवा आणावा.