फोर बाय फोर, कोथरूड ते डेक्कन

हल्ली शहरात ज्याला त्याला डोंगर चढणारी गाडी हवी असते. डोंगर कोणता, ते विचारायचं नाही. रोजचा चढ म्हणजे सोसायटीच्या तळघरातून वर येणारा रॅम्प, आणि तो शेजाऱ्यांची म्हातारी अल्टोही कुरकुर न करता चढते.

आम्हीही जिमनीची टेस्ट ड्राइव्ह मागितली. गाडी देखणी आहे, त्यात वाद नाही. चौकोनी, आटोपशीर, पाठीवर स्टेपनी घेतलेली. जून २०२३ मध्ये ती भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत १२ लाख ७४ हजारांपासून सुरू होत होती. लांबी चार मीटरच्या आत, म्हणून आम्ही हिशेबाला लागलो. पण छोट्या गाडीची करसवलत हवी तर पेट्रोल इंजिन बाराशे सीसीच्या आत लागतं आणि हिचं आहे दीड लिटरचं. म्हणजे जागा छोट्या गाडीची, कर मोठ्या गाडीचा.

शेजारच्या सीटवर शोरूमचा पोरगा. “सर, रोड प्रेझेन्स बघा.” प्रेझेन्स होता, रोड नव्हता. संध्याकाळचा कर्वे रस्ता. एका बाजूला मेट्रोचे खांब, दुसऱ्या बाजूला उलट दिशेने येणारे दुचाकीवाले. २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स स्पीडब्रेकरवर कामी आला, हे मान्य. उंच बसल्यामुळे पुढची कोंडीही लांबवर दिसली.

गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. खरे पैसे आपण त्याचे मोजतो. तो ओढून बघू का, असं विचारलं तर पोरगा घाईघाईने म्हणाला, “सर, इथे नको.”

बरोबरच होतं त्याचं. तो दांडा ओढला की चारही चाकांना ओढ मिळते, पण ही फोर व्हील ड्राइव्ह गरजेपुरती जोडायची असते. जोडली की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच वेगाने फिरतात. वळताना मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं आणि तो फरक सांभाळणारा डिफरन्शियल मधे नसतो. चिखलात, वाळूत चाक थोडं घसरतं आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला वावच नाही. सगळा ताण टायर आणि यंत्रणेवर येतो. थोडक्यात, जिच्यासाठी लाखो रुपये जास्त द्यायचे ती सोय रोजच्या रस्त्यावर वापरायचीच नाही.

“पण आपल्या रस्त्यांना अशीच गाडी पाहिजे हो!” हे वाक्य प्रत्येक सोसायटीत एक काका म्हणतातच. काका, खड्ड्यात फोर बाय फोर काय करणार? ती ओढ देते, धक्का खात नाही. धक्का खातं सस्पेन्शन. जिमनीला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आहेत, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं की त्याची खबर दुसऱ्या चाकाला लागते आणि बसणारे डावी-उजवीकडे डोलतात. दगडधोंड्यांत हीच रचना चाकं जमिनीला टेकवून ठेवते. डेक्कनला जाताना ती कमरेला सुनावते.

बसणारे चारच. पाचवा माणूस असेल तर त्याने रिक्षा करावी. मागची सीट उभी ठेवली तर डिकी २०८ लिटरची. मंडईची पिशवी मावेल, लग्नाला निघालेल्या बायकोच्या बॅगा मावणार नाहीत. मागचं दार घराच्या दारासारखं आडवं उघडतं, त्यामुळे मागे भिंत असेल तर आधी गाडी पुढे घ्यायची, मग कोथिंबीर काढायची.

गिऱ्हाइकाची नाडी महिंद्राने बरोबर ओळखली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी नुसती मागची चाकं ओढणारी थार ९ लाख ९९ हजारांपासून विकायला काढली. ऐट तीच, दांडा गायब.

दांडा खरोखर वापरणारेही असतात म्हणा. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलात लाहौलला एकाने वाहतूक कोंडी टाळायला थार थेट चंद्रा नदीतून नेली. पोलिसांनी चलान फाडलं. कोकणात पुळणीवर गाड्या घालणाऱ्यांची हौस भरतीच्या वेळेला विचारून येत नाही. मग गावातलाच ट्रॅक्टर दोर घेऊन येतो, आणि त्याच्या रोड प्रेझेन्सबद्दल कुणी बोलत नाही.

तिकडे जपानमध्ये, भारतात बनलेली हीच पाच दारांची जिमनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली आणि चारेक दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास मागण्या येऊन बुकिंग थांबवावं लागलं. आपल्याकडे तिच्यावर घसघशीत सूट द्यावी लागली. डोंगर आपल्याकडेही आहेत. पण आपल्याला गाडीत डोंगर, मावशी, तिची नातवंडं आणि सनरूफ एकदमच हवं असतं.

तुमचं गाव वेल्हे-भोरच्या बाजूला असेल, पावसाळ्यात शेवटची वाट चिखलाची होत असेल, तर जिमनी डोळे मिटून घ्या. त्या कामाला ती पक्की आहे. नसेल, तर टेस्ट ड्राइव्हला आईला मागे बसवा, गाडी आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून मागचं दार उघडून बघा, आणि बुकिंगची रक्कम त्यानंतरच भरा.