शून्य रुपयांची पावती

माझी मोटार गॅरेजात पडली होती आणि भिवंडीला जाणं भाग होतं. ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, "आमची गाडी रात्री सुटतेच आहे, केबिनमध्ये बसा की." तिकिटाचे पैसे वाचतायत म्हटल्यावर मी पुढचा विचार केला नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पत्र्याचे डबे भरलेली दहाचाकी, आत उस्ताद (म्हणजे ड्रायव्हर), क्लीनर आणि मी. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या नव्या मालट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. ही गाडी त्याच्या बरीच आधी जन्मलेली. हिच्यात फक्त हीटर होता, त्याला इंजिन म्हणतात.

पहिला टोलनाका आला. (कोणता ते विचारू नका. मला त्याच रस्त्याने परत यायचं आहे.) फास्टॅग काही वाचला जाईना. खिडकीतला मुलगा मान वर न करता म्हणाला, "ब्लॅकलिस्ट." खात्यात पैसे होते. उस्तादने मोबाइलवर दाखवले. मुलगा म्हणाला, "आमच्याकडे ब्लॅकलिस्टच दिसतंय." आमच्याकडे आणि तुमच्याकडे यांत अंतर एका हाताचं होतं.

"मशीन बंद असंल तुमचं," उस्ताद म्हणाला.

त्याच्या या बोलण्यामागे मोठी आस होती, ती मला नंतर कळली. नियम असा आहे: टॅग चालू असेल, खात्यात पैसे असतील आणि नाक्याचंच यंत्र नादुरुस्त असेल, तर गाडी फुकट सोडायची आणि वर शून्य रुपयांची पावती द्यायची. 2018 पासूनचा नियम आहे. उस्तादने ती पावती आजवर पाहिलेली नाही. मिळाली तर लॅमिनेशन करून देवीच्या फोटोखाली लावणार म्हणतो. पण यंत्र बिघडतं ते कायम गाडीच्या बाजूने, नाक्याच्या बाजूने कधीच नाही.

मग टॅग देणाऱ्या बँकेला फोन. हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, मराठीसाठी सात. सात दाबल्यावर हिंदीतली बाई आली. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं तिने चार वेळा सांगितलं आणि मध्ये सनई लावली. मागे पंधरा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. महाराष्ट्राने 2015 साली ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी घातली. लिहिणं थांबलं, प्लीजही गेलं, हॉर्न तेवढा उरला.

अखेर जिवंत माणूस भेटला. म्हणाला, केवायसी अपुरी आहे, गाडीचा समोरून फोटो पाठवा. क्लीनर खाली उतरला. पुढे दांडा, मागे रांग, वर अंधार. त्याने काढलेल्या फोटोत नंबरप्लेट अर्धी आणि खिडकीतला मुलगा पूर्ण आला. तरी तो पाठवला. "ओके सर, आता नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी आला असेल, तो सांगा."

नोंदणीकृत मोबाइल मालकाचा. मालक नाशिकला झोपलेला.

खरं दुखणं इथे आहे. टोलच्या खिडकीशी उस्ताद उभा, पण बँकेचा ग्राहक मालक. डिझेल हा भरतो, पण पंपाचं कार्ड ट्रान्सपोर्टचं. माल हा पोचवतो, पण गोदामाचं गिऱ्हाईक कंपनी. सगळीकडे पैसे मोजायला हा आणि 'वेलकम सर' ऐकायला दुसराच कुणीतरी. 1 जानेवारी 2024 ला 'हिट अँड रन'च्या नव्या कलमावरून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळ पानेवाडीतून इंधनाचे टँकर निघेनात, तेव्हा पंपांवर रांगा लावून मोटारवाल्यांनी पहिल्यांदा विचारलं, हे लोक असतात कुठे? तो विचार टाकी फुल होईपर्यंत टिकला.

शेवटी उस्तादने पैसे भरले. 15 नोव्हेंबर 2025 पासून टॅग चालत नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट घेऊ लागले. इगतपुरी सोडून घाटात शिरताना घाटनदेवीला त्याने नाणं वाहिलं आणि म्हणाला, "देवीला सव्वा रुपया, नाक्याला सव्वापट. देवीचं एक बरं, केवायसी मागत नाही."

त्याआधी एका पंपावर थांबलो होतो. 'हवा मोफत' अशी पाटी होती. हवावाला जेवायला गेला होता. रात्री अडीच वाजता. संडासाला कुलूप, चावी मॅनेजरकडे, मॅनेजर घरी. माणसासारखं वागवलं ते फक्त ढाब्यावर: बाज, बादलीभर पाणी, न मागता कांदा. या धंद्यातली खरी ग्राहकसेवा अजून बाजेवरच चालते, आणि तिथे कुणी ओटीपी विचारत नाही.

कसारा घाटात मला जोराची लागली. म्हटलं, "उस्ताद, जरा बाजूला घेता का?" उस्ताद समोर बघतच म्हणाला, "आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे." क्लीनरने तोंडाने सनई वाजवली. घाट उतरेपर्यंत मी लाइनवर होतो.

पुढच्या नाक्यावर टॅग टुणकन वाचला गेला. त्याचं काय करायचं ते कुणालाच कळेना.

भिवंडीत पहाटे गोदामाच्या दारात उभे राहिलो. कमानीवर 'अतिथी देवो भव', खाली 'ड्रायव्हर-क्लीनर यांनी आत थांबू नये'. ई-वे बिलाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, रस्त्यात रेंगाळाल तर कायदा आहे. गोदामाने गाडी किती दिवस रेंगाळत ठेवायची, त्याला बिल नाही. वर माल उतरवायची वाराई ड्रायव्हरनेच द्यायची. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची घोषणा जुनी आहे. हमालाने ती ऐकून घेतली आणि हात पुढे केला.

उतरताना मी शंभराची नोट काढली. उस्तादने ती घेतली नाही. जुन्या बिल्टीबुकातला एक कागद फाडला, त्यावर 'रु. 0' लिहिलं आणि माझ्या हातात ठेवला.

"सही?" मी विचारलं.

"साहेब जेवायला गेलेत," क्लीनर म्हणाला.