माळा आवरण्याची पहिली पुस्तिका
(प्रॉक्सी कॅश शिकणाऱ्यांनाही चालेल)

साहित्य: परळच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, तिचा माळा, एक स्टूल, एक आजी. आजी नसल्यास स्क्विड नावाचा प्रॉक्सी सर्व्हर घ्यावा. काम तेच. लांबून आणलेली वस्तू हाताशी ठेवायची, म्हणजे पुन्हा हेलपाटा नको.

१. माळा गच्च होईपर्यंत थांबू नका. कोणी वेगळं सांगितलं नसेल तर स्क्विड ९० टक्के भरला की वस्तू काढू लागतो आणि ९५ टक्क्यांच्या आसपास हात झपाझप चालवतो. आपल्याकडे डोक्यावर कढई पडल्याशिवाय कोणी हलत नाही.

२. तारीख उलटली म्हणून लगेच फेकू नका. कोकणच्या एसटीच्या वेळा लिहिलेला कागद जुना झाला? परळ डेपोत विचारून या. ‘बदल नाही’ असं उत्तर आलं (वेबच्या भाषेत ३०४) की तोच कागद पुन्हा ताजा.

३. ज्याला हात लागून सर्वांत जास्त दिवस झाले, ते आधी काढा. ही एलआरयू पद्धत. स्क्विड मुळात हीच वापरतो. परिणाम: श्रावण सरता सरता गणपतीचं मखर रद्दीवाल्याकडे. अकरा महिने त्याला कोणी शिवलेलं नसतं ना!

४. म्हणून वापर मोजा, आकारही बघा. जीडीएसएफ पद्धत लहान आणि वरचेवर लागणाऱ्या वस्तू राखते. पाहुण्यांच्या गाद्यांचं बोचकं गेलं, तर लालबागच्या मसाल्याच्या वीस बरण्या मावतात. एलएफयूडीए आकाराकडे बघत नाही, मागणीकडे बघते. पाहुणे वरचेवर येत असतील तर ती गाद्या ठेवते. पुन्हा तीन जिने चढवायचं ओझं वाचतं.

५. गादीवर पाहुणा झोपला असेल तर ती ओढू नका. कोणाला देणं चालू असलेल्या वस्तूला स्क्विडही हात लावत नाही.

६. सर्वोत्तम पद्धत लास्लो बेलाडी यांनी १९६६ साली संगणकाच्या मेमरीसाठी मांडली: पुढे सर्वांत उशिरा लागेल ते काढा. त्यासाठी भविष्य ठाऊक हवं. सर्व्हरला ते नसतं. आजीने ते खिळ्याला टांगलंय, कालनिर्णय.

सावधान: प्रॉक्सी बेधडक टाकतो, कारण त्याच्याकडे फक्त प्रत असते, मूळ दुसरीकडे सुखरूप असतं. माळ्याच्या कोपऱ्यात आजोबांचा गिरणीचा पास सापडेल. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हापासून तो तिथेच आहे. तिसऱ्या नियमाने पहिला तोच जायला हवा. पण मूळ ठिकाणी विचारायला जाल, तर तिथे टॉवर उभा. मूळ सर्व्हर उत्तर देत नसेल तर जुनी प्रत चालवून घ्यायची सोय वेबमध्येही आहे. पास होता तिथे ठेवा आणि स्टुलावरून सावकाश उतरा.